काकूंची पट्टी आणि भीमगीताचा ठेका: मिडी कुठे वापरायची, रेकॉर्डिंग कुठे

"दादा, हा ट्रॅक पाच पट्ट्या खाली करून द्या, रविवारी प्रोग्राम आहे." असा निरोप आला की पैशाचं बोलण्याआधी मी विचारतो, फाइलच्या नावाच्या शेवटी काय लिहिलंय? एमपीथ्री, वेव्ह की मिड? (पहिल्या दोन रेकॉर्डिंगच्या फाइली, मिड म्हणजे मिडी.) बहुतेकांना हा प्रश्न म्हणजे माझं टाळणं वाटतं. पण काम दहा मिनिटांचं आहे, दोन दिवसांचं आहे की होणारच नाही, ते त्या अक्षरांवर ठरतं. (पट्टी म्हणजे पेटीवरची एकेक पांढरी-काळी; गाण्याचा सा जिथे धरतात तीही पट्टीच.)

मी कीबोर्ड वाजवतो. आधी ऑर्केस्ट्रात होतो, भजनी मंडळांना साथ केली, आता नागपूरच्या महाल भागातल्या घरी वरच्या खोलीत ट्रॅक बनवतो. माझ्याकडे निवृत्तीनंतर गाणं सुरू केलेल्या काकू येतात, गॅदरिंगच्या तयारीतल्या शाळेच्या बाई येतात, आणि दीक्षाभूमीवरच्या सोहळ्याचे दिवस जवळ आले की भीमगीतांच्या गायन पार्ट्या येतात. "मिडी चांगली की ओरिजनल?" हा सगळ्यांचा प्रश्न. मिडी म्हणजे कोणता सूर कधी वाजवायचा याच्या सूचनांची फाइल, ओरिजनल म्हणजे खरा आवाज टिपलेलं रेकॉर्डिंग. माझं उत्तर असं: गाणं बसेपर्यंत मिडी, स्टेजवर रेकॉर्डिंग, आणि तबला-ढोलक पहिल्यापासून रेकॉर्डिंग. का, ते खाली सांगतो.

हातातली फाइल कोणती, ते आधी ओळखा

फाइलचा आकार पाहा. चार मिनिटांचं गाणं मिडीत असेल तर बहुधा शंभर केबीच्या आत बसतं. तेच १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीत सुमारे ४ एमबी होतं आणि सीडीच्या दर्जाच्या वेव्हमध्ये सुमारे ४२ एमबी. कुणी नाव बदलताना शेवटची अक्षरं खोडली असतील तर फाइल कॉम्प्युटरवर नोटपॅडमध्ये उघडा. बाकी सगळा कचरा दिसेल, पण सुरुवातीची अक्षरं वाचता येतात. इंग्रजीत एम-टी-एच-डी असेल तर मिडी, आर-आय-एफ-एफ असेल तर वेव्ह. एमपीथ्रीच्या सुरुवातीला बहुतेकदा आय-डी-थ्री असतं. बंद करताना सेव्ह मात्र करू नका, फाइल बिघडेल. डॉट के-ए-आर नावाची कराओके फाइल आली तर तीही मिडीच, फक्त आत गाण्याचे शब्द घातलेले.

इथे एक गोची आहे. काही जण मिडी फाइल वाजवून तिचंच एमपीथ्री करून पुढे पाठवतात. ऐकताना ते टिणटिण वाजतं म्हणून घेणारा समजतो की ही मिडी आहे, दादा हवं ते बदलून देतील. आवाज कसाही असो, ती फाइल आता रेकॉर्डिंग झाली. म्हणून कानावर जाऊ नका, आकारावर जा.

आत काय लिहिलेलं असतं

मिडी फाइलमध्ये आवाज नसतोच. असतात त्या सूचना: चॅनेल १, सूर ६०, जोर ९०, चालू. थोड्या वेळाने: चॅनेल १, सूर ६०, बंद. झालं. ६० म्हणजे मधल्या सप्तकातली पांढरी एक, ६१ काळी एक, ६२ पांढरी दोन. सूर ० ते १२७, जोरही ० ते १२७, चॅनेल सोळा. कुठल्या चॅनेलवर कोणतं वाद्य, लय किती, मात्रा किती, हेही असंच आकड्यांत. हे आकडे वाचून प्रत्यक्ष आवाज काढायचं काम समोरच्या कीबोर्डचं, फोनचं किंवा कॉम्प्युटरमधल्या सिंथचं, म्हणजे सूचनांवरून आवाज घडवणाऱ्या यंत्राचं किंवा सॉफ्टवेअरचं.

ही भाषा १९८३ पासूनची आहे. त्या वर्षी अमेरिकेत नॅम नावाच्या वाद्यांच्या प्रदर्शनात सिक्वेन्शियल सर्किट्सचा सिंथ आणि रोलँडचा सिंथ एका केबलने जोडून दाखवले. एकावर पट्टी दाबली की दुसरा वाजत होता. ते घडवून आणणारे डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी यांना पुढे २०१३ मध्ये टेक्निकल ग्रॅमी मिळालं. त्यानंतरची सोय १९९१ ची, जनरल मिडी: १२८ वाद्यांची ठरलेली यादी आणि चॅनेल १० कायमचं ड्रमसेटसाठी. या यादीत १०५ नंबरला सितार आहे, ११२ ला शहनाई आहे. तबला नाही, ढोलक नाही, आपली पेटीही नाही. पेटीसाठी २१ नंबरच्या रीड ऑर्गनवर भागवावं लागतं. काही सॉफ्टवेअर शून्यापासून मोजतात, तिथे सितार १०४ ला सापडते. सितार मागितली आणि बँजो वाजला तर हा एकाचा फरक आधी तपासा.

रेकॉर्डिंगचं सगळं उलट. सीडीच्या दर्जात सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाच्या लाटेचं माप घेतलेलं असतं, बस. "हा सितारीचा गंधार" असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. सितार, ढोलक, माइकमागे खोकलेला माणूस, सगळे एकाच रेषेत मिसळलेले. वाजवणाऱ्याचा हात, बोटांची खरखर, फुंकीतला दम हे सगळं त्यात येतं आणि मिडीत ते येत नाही. पण सितारीला एक सूर वर करायचं म्हटलं तर तुम्हाला तो सूर त्यातून उचलताच येत नाही.

पट्टी बदलायची असेल तर

समजा मूळ गाणं पुरुषाचं, काळी एकमध्ये. काकूंची पट्टी काळी चार. "मायाच्यानं इतकं वर नाही जात," हे वाक्य मी इतकं ऐकलंय की पट्टी विचारण्याआधीच हात पेटीकडे जातो. काळी एकपासून खाली काळी चारपर्यंत मोजा: पांढऱ्या-काळ्या धरून पाच.

मिडी फाइल असेल तर प्रत्येक सुराच्या आकड्यातून ५ वजा झाले की काम संपलं. आवाजात काडीचाही फरक पडत नाही, कारण सिंथ तो खालचा सूर नव्याने वाजवतो. एकच खबरदारी: चॅनेल १० ला हात लावायचा नाही. तिथे आकडा म्हणजे सूर नसतो, वाद्य असतं. ३६ म्हणजे किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), ३८ म्हणजे स्नेअर (कडक आवाजाचा ड्रम), ४२ म्हणजे बंद हाय-हॅट (झांजांची जोडी). कुणी सगळं निवडून पाच वर चढवलं की ३६ चं ४१, ३८ चं ४३, ४२ चं ४७ होतं, आणि हे तिन्ही आकडे टॉमचे, म्हणजे घुमणाऱ्या ड्रमचे आहेत! किक गेली, स्नेअर गेला, गाणंभर नुसतं डुबडुब. पाच खाली नेलं तर किक ३१ वर जाते आणि जनरल मिडीची ड्रमची यादी तर ३५ पासून सुरू होते, म्हणजे बऱ्याच यंत्रांवर ती वाजतच नाही. चांगलं सॉफ्टवेअर चॅनेल १० आपोआप वगळतं, पण भरवसा ठेवू नका, तपासा.

एमपीथ्री असेल तर सॉफ्टवेअरला आवाजच ताणावा लागतो. जुन्या टेपवर पट्टी खाली केली की लयही मंद व्हायची, एका पट्टीला साधारण सहा टक्के. आता ऑडॅसिटीसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्येही लय न बदलता पट्टी बदलता येते. पण त्यासाठी आवाजाचे बारीक तुकडे करून ते पुन्हा चिकटवले जातात आणि ते ऐकू येतं. माझ्या कानाला दोन पट्ट्यांपर्यंत चालतं. तीनला कोरसचे आवाज जड व्हायला लागतात. पाच खाली नेलं की मागच्या गायिका घसा बसल्यासारख्या गातात, टाळी टेबलावर आपटल्यासारखी वाजते. तेव्हा काकूंना सरळ सांगतो: याच गाण्याचा दुसऱ्या पट्टीतला ट्रॅक शोधा, नाहीतर मी मिडीत नव्याने बसवतो, त्याचे पैसे वेगळे.

लयीचंही तसंच. मिडीत ९० बीपीएमचं (मिनिटाला ९० ठोके) ११० केलं तर आकडाच बदलतो. रेकॉर्डिंगमध्ये पाच-सात टक्के इकडेतिकडे कुणाला कळत नाही. त्यापुढे ढोलकाची थाप पसरट होते, कारण ठोक्याची सुरुवात हीच सगळ्यात आधी बिघडते.

साथ देणारी सॉफ्टवेअर काय करतात

बँड-इन-अ-बॉक्स हे यातलं जुनं नाव, १९९० पासूनचं, कॅनडातल्या पीजी म्युझिकचं. कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) टाइप करा, स्टाइल निवडा, ते बेस, गिटार, ड्रम सगळं वाजवून देतं. सुरुवातीला हे सगळं मिडीतच होतं. पुढे त्यांनी रिअलट्रॅक्स आणले: खऱ्या स्टुडिओ वादकांनी वाजवलेले तुकडे, तुमच्या कॉर्डप्रमाणे निवडून, जोडून, गरजेपुरते ताणून. एकाच स्क्रीनवर दोन्ही प्रकार शेजारी शेजारी दिसतात आणि नवीन माणूस तिथेच गोंधळतो.

ओळखायची खूण सोपी. मिडीच्या ट्रॅकवर तुम्ही एक सूर पकडून खाली ओढू शकता, पियानोचा गिटार करू शकता. रिअलट्रॅकमध्ये गिटार म्हणजे गिटारच. ज्याने वाजवली त्याची गिटार, त्याच्या खोलीतली. आवडलं नाही तर दुसरा तुकडा मागा, बस. शिवाय तो तुकडा मुळात कोणत्या लयीत वाजवलाय ते पाहून त्याच्या आसपासच राहा. १२० मध्ये वाजवलेली गिटार ७० वर आणली की ती गिटार राहत नाही. आणि अभंगाला तयार स्टाइल शोधत बसाल तर दिवस जाईल. हाती जॅझवाला लागतो आणि तो विठ्ठलापुढे पाय हलवत बसतो.

फोनवर आयरिअल प्रो हे ॲप बऱ्याच जणांकडे असतं. ते कॉर्ड वाचून साथ घडवतं, त्यामुळे लय-पट्टी बिनदिक्कत बदलता येते आणि मिडी फाइलही बाहेर काढता येते. रियाजाला मस्त. कार्यक्रमात वाजवण्याइतकं रसाळ मला ते कधी वाटलं नाही.

आपल्याकडे ऑर्केस्ट्रात आणि भजनात चालतो तो अरेंजर कीबोर्ड, म्हणजे डाव्या हाताच्या कॉर्डवरून साथ स्वतः वाजवणारा. यामाहाच्या भारतासाठीच्या पीएसआर-आय मालिकेत केरवा, दादरा, भांगडा अशा स्टाइल तयार मिळतात. यामाहाची स्टाइल फाइल पोटात मिडीच असते: इंट्रो, मेन, फिल, एंडिंग अशा खुणा आणि सोबत कोणता सूर कॉर्डप्रमाणे कसा हलवायचा याचे नियम. मूळ वाजवणं बहुधा सी मेजर सेव्हन या कॉर्डमध्ये असतं. डाव्या हाताने ए मायनर धरला की कीबोर्ड त्या नियमांनी सूर सरकवतो. सूचना लिहिलेल्या आहेत म्हणूनच हे जमतं. बासरीचा रेकॉर्ड केलेला लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा) असा कॉर्डमागे धावत नाही. कॉर्ड बदलली तरी तो आपला जुनाच सूर धरून बसतो.

ठेक्याचं प्रकरण वेगळं

वरचं वाचून वाटेल की ठेक्याला सूर नाही, मग तिथे रेकॉर्ड केलेला लूप बिनधास्त चालेल. ढोलकी, ताशा, ड्रम यांना बऱ्यापैकी चालतो. तबल्याला सूर आहे! दायाँ, म्हणजे उजव्या हाताचा तबला, गायकाच्या षड्जाला (सा ला) लावलेला असतो. काळी एकला लावलेल्या तबल्याचा लूप पांढरी दोनच्या गाण्यात टाकला तर "ना" प्रत्येक वेळी खटकतो. गायिकेला नेमकं काय होतंय ते सांगता येत नाही, ती फक्त म्हणते, "काहीतरी बेसूर वाजून राहिलं." बेसूर तबला असतो, बोलणी पेटीवाल्याला बसतात.

म्हणून लूप गोळा करताना पट्टीप्रमाणे ठेवा. माझ्याकडे केरव्याचे फोल्डर पट्टीच्या नावाने आहेत, आत लय. हवी ती पट्टी नसेल तर जवळच्या पट्टीचा लूप एखादी पट्टी हलवून घ्यायचा, पाच नाही. लय जुळवायची असेल तर अख्खा लूप ताणण्याऐवजी बोलाबोलाला कापा. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये स्लाइस करण्याची सोय असते. मग तुकडे सरकतात, थाप आहे तशी टणक राहते.

तबला मिडीत बसवायचाच असेल तर जनरल मिडीवर विसंबू नका. तबल्याचे खरे बोल रेकॉर्ड करून कीबोर्डच्या प्रत्येक पट्टीवर एक बोल ठेवलेली सॅम्पल लायब्ररी घ्या. केरवा लिहा: धा गे ना ति न क धि न. पहिल्या फटक्यात तो ठेका न वाटता टाइपरायटर वाटेल, कारण आठही मात्रा एकाच जोराच्या. समेच्या, म्हणजे पहिल्या मात्रेच्या "धा"चा जोर ११० च्या आसपास ठेवा, "ति"पाशी बायाँ (डावा डग्गा) नाही म्हणून तिथे हलकं, ७० च्या आसपास, "न क" त्याहून हलके. सगळे बोल रेषेवर चिकटवू नका. मिडीत वेळ टिकमध्ये मोजतात; ४८० टिकची मात्रा आणि १२० ची लय असेल तर एक टिक साधारण एक मिलिसेकंदाचा. काही बोल पाच-दहा टिक मागेपुढे सरकवले की हात लागल्यासारखा वाटतो. बायाँचा घिस्सा (मनगट घासून सूर चढवणं) मात्र मिडीत घडवताना माझे केस पांढरे झालेत. पिच बेंडने, म्हणजे सूर सरकवण्याच्या सूचनेने, सूर वर चढतो, चामड्यावरचं मनगट काही ऐकू येत नाही.

पिच बेंडवरून सितार आठवली. मिडीत बेंडची ठरलेली मर्यादा दोन्ही बाजूंना दोन-दोन पट्ट्या. सितारीची मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) त्याहून लांब जाते. मर्यादा वाढवून बारा केली तर ती सूचना फाइलच्या सुरुवातीलाच लिहावी लागते, नाहीतर दुसऱ्या यंत्रावर तीच मींड अर्ध्या वाटेत थांबते आणि ऐकणाऱ्याला वाटतं सितारवाला चुकला. छोट्या मींडी मिडीत, मोठ्या मींडीला माणूस बोलवा.

तानपुरा मिडीत करू नका. कीबोर्डचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर (एका पट्टीचे शंभर सेंट) बसवलेला आहे, तानपुऱ्यातून ऐकू येणारा स्वयंभू गंधार ३८६ च्या आसपास. हा फरक गळ्याला जाणवतो. आयतबलाप्रोसारख्या ॲपमध्ये चांगला तानपुरा असतो, तो पट्टी लावून रेकॉर्ड करून घ्या.

दोन्ही एकत्र आणताना

मिडीचे सिंथ सरळ ए ४४० ला (ए हा सूर, सेकंदाला ४४० कंपनं) लागलेले असतात. आपल्या घरच्या पेट्या नसतात. जुनी पेटी दहा-वीस सेंट वर किंवा खाली सहज सापडते; कॅसेटवरून उतरवलेली गाणी तर टेपच्या वेगाप्रमाणे कुठेही. अशा रेकॉर्डिंगखाली मिडीचा बेस लावला की दोघेही आपापल्या जागी बरोबर आणि एकत्र मात्र लहरत वाजतात. आधी फोनवरच्या ट्यूनरने रेकॉर्डिंगचा षड्ज मोजा. फरक जितका सेंट, तितका सिंथच्या मास्टर ट्यूनमध्ये टाका. रेकॉर्डिंगला हलवू नका, सिंथला हलवा; त्याचं काही बिघडत नाही.

माझ्या कामाचा क्रम असा असतो. आधी गाणाऱ्याला समोर बसवून मुखडा आणि अंतऱ्यातली सगळ्यात वरची जागा गाऊन घेतो, पट्टी तिथेच ठरते. खालची जागा ऐकायचीही विसरू नका, काकू वर चढतात पण खालच्या पंचमाला आवाज हवेत जातो. मग लय टॅप करून बीपीएम पक्का. त्यानंतर कॉर्ड, बेस, स्ट्रिंग्ज, म्युझिकच्या जागा सगळं मिडीत, साध्या आवाजात; ठेका तेवढा लूपवर. यावर रीतसर तालीम होऊ देतो. तालमीत सगळं बदलतं: दुसरं म्युझिक अर्धं होतं, शेवटची ओळ तीनदा होते, गायन पार्टीचे भाऊ म्हणतात कोरसला जागा ठेवा. मिडीत हे काम कापण्या-चिकटवण्याचं आहे. रेकॉर्ड केलेली बासरी मध्येच अर्धी करायला गेलात तर श्वास तुटतो.

सगळं ठरल्यावरच माणसं बोलावतो. ढोलकवाला, बासरीवाला, कधी बँजो. मिडी ट्रॅक त्यांच्या कानात, लयीची टिकटिक सोबत. कॉम्प्युटरवर ऐकून वाजवताना आवाज उशिरा येत असेल तर ऑडिओ इंटरफेसचा (माइक कॉम्प्युटरला जोडणारं यंत्र) असिओ ड्रायव्हर, म्हणजे उशीर कमी करणारं सॉफ्टवेअर, लावा आणि बफर (आवाज क्षणभर साठवायची जागा) १२८ वर आणा, ४४.१ किलोहर्ट्झला तो तीन मिलिसेकंदांच्या आत येतो. विंडोजमधल्या तयार सिंथवर हे होत नाही, तो उशिराच बोलतो.

आणि कूलर बंद करा. नागपूरच्या मे महिन्यात ही सूचना क्रूर आहे, मला मान्य. म्हणून उन्हाळ्यात रेकॉर्डिंग सकाळी सातला ठेवतो, ऊन चढायच्या आत, वाटेत तर्री पोहे खाऊन या म्हणतो. कूलरची घरघर सॉफ्टवेअरने काढता येते, पण सोबत बासरीची हवाही जाते. बासरी गरमीत वर चढते हेही ध्यानात ठेवा. दुपारी वाजवलेली बासरी सकाळच्या मिडीला लागणार नाही, दर तासाला सूर तपासा.

स्टेजवर जाताना

कार्यक्रमाला मिडी फाइल घेऊन जाऊ नका. वसंतराव देशपांडे सभागृह असो, रेशीमबागेतलं सुरेश भट सभागृह असो की वस्तीतला मंडप, तिथल्या लॅपटॉपमध्ये तुमचा सिंथ नसतो. एका कार्यक्रमात ऑपरेटरने पाहुण्या गायकाची मिडी विंडोजच्या तयार सिंथवर लावली, शहनाईच्या जागी पुंगीसारखं काहीतरी निघालं आणि पुढच्या रांगेत पोरं हसायला लागली. गाणाऱ्याचा काय दोष?

सगळे मिडी ट्रॅक रेंडर करून वेव्ह करा. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये त्याला रेंडर, एक्सपोर्ट किंवा बाउन्स म्हणतात. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट पुरे. व्हिडिओवाल्याला द्यायचं असेल तर तो ४८ मागेल, त्याला वेगळी फाइल काढून द्या. दोन्ही आकडे गोंधळले आणि ४४.१ ची फाइल ४८ समजून वाजली तर गाणं घाईने आणि जवळपास दीड पट्टी वर वाजतं. ऐन वेळी "पट्टी चढलीय" अशी ओरड झाली तर आधी हे पाहा.

एक अख्खी फाइल आणि सोबत चार वेगळ्या: ठेका, बेस, कॉर्ड, बाकीची वाद्यं. चारही शून्यापासून सुरू होणाऱ्या. हॉलमध्ये बेस घुमायला लागला तर साउंडवाला नुसता बेस खाली करतो, सगळं गाणं नाही. नावात गाणं, पट्टी आणि बीपीएम लिहा. "फायनल", "फायनल २", "खरंच फायनल" ही नावं मी परत पाठवतो. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

हक्कांचंही थोडं. मिडीत तुम्ही स्वतः बसवलं म्हणजे गाणं तुमचं झालं नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात चाल आणि रेकॉर्डिंग यांचे हक्क वेगवेगळे आहेत. मिडीने फक्त रेकॉर्डिंगचा प्रश्न सुटतो, चालीचा राहतो. तिकीट लावून कार्यक्रम असेल तर आयोजकाने परवाना घेतलाय ना, विचारून घ्या.

"एमपीथ्रीची मिडी करून द्या ना"

हेही रोजचं. मिडीचं रेकॉर्डिंग करणं म्हणजे एक बटण. रेकॉर्डिंगची मिडी करणं म्हणजे मिसळलेलं वेगळं करणं. स्पॉटिफायने २०२२ मध्ये बेसिक पिच नावाचं फुकट साधन दिलंय, ते ब्राउझरमध्येच चालतं. एकटी पेटी किंवा एकटी बासरी दिली तर बरंच बरोबर लिहितं. अख्खा ऑर्केस्ट्रा दिला तर सुरांचा पाऊस पाडतं, आणि ढोलकाच्या प्रत्येक थापेला एक सूर ठरवून मोकळं होतं.

म्हणून आधी वाद्यं वेगळी करा. डीझरचं स्प्लीटर २०१९ पासून फुकट आहे, डेमक्सही आहे. त्यातून गळा, ड्रम, बेस आणि उरलेलं असे चार भाग निघतात. बेसचा भाग बेसिक पिचमध्ये टाका, तो सगळ्यात स्वच्छ येतो. त्यावरून कॉर्डची बैठक कळते. मेलडी मात्र कानाने ऐकून स्वतः पेटीवर काढा आणि कीबोर्डवरून वाजवून घ्या. यंत्राने लिहिलेल्या मेलडीतले फालतू सूर एकेक पुसण्यापेक्षा ते लवकर होतं. गळ्याचा भाग फेकू नका. तो मिडीच्या शेजारी आवाज कमी करून ठेवा, मींडी आणि मुरक्यांच्या जागा त्यावरूनच कळतात, आणि काकूंना तालमीत कुठे उचलायचं तेही.